मोसमी वाऱ्यावर पोसलेला देवमासा
(शहागड येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटरांवर आहे. एवढ्या हाकेच्या अंतरावरचा समुद्र सोडून ही नदी पूर्वेला वळते, पैठणला नाथसागरात अडते, शहागडच्या पुलाखालून जाते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिने पाठ फिरवलेल्या त्या पश्चिमेच्या समुद्रात एक देवमासा राहतो. जगातले त्याचे सगळे भाऊबंद दरवर्षी हजारो किलोमीटरांची वारी करतात. हा मात्र आपला समुद्र सोडत नाही. त्याला तसे घरी बसून खायला मिळते, कारण त्याच्यापर्यंत अन्न आणून पोचवणारा एक वारा आहे. मृग लागला की अंबड-गेवराईचा शेतकरी आभाळाकडे बघत ज्याची वाट पाहतो, तोच हा वारा. आजच्या व्याख्यानाचा विषय हा देवमासा आणि हा वारा. पण त्याआधी थोडे उत्तरेला, थंड पाण्यात जाऊन यायला हवे, कारण देवमासे बघायच्या बोटींचा धंदा तिथे वाढला आणि त्या धंद्यातली एक गोष्ट इथे कामाची आहे.

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली मुले आज बोस्टनला, टोरंटोला, सिॲटलला नोकरी करतात. आईवडील उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी जातात. नायगारा होतो, न्यूयॉर्क होते, आणि मग एका शनिवारी मुलगा सांगतो, आज व्हेल बघायला जायचे. जुलै महिना, बाहेर घाम येईल इतके ऊन, आणि तो स्वेटर, कानटोपी घ्यायला लावतो. आई अव्होमिनची गोळी घेते. बोट बंदरातून निघून तास-दीड तास पळते आणि वारा असा झोंबू लागतो की कानटोपीचे महत्त्व वडिलांनाही पटते. मग वरच्या डेकवरून माईकवर आवाज येतो: "दोन वाजता!" घड्याळ बघायचे नसते. बोटीचे नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन. या हिशेबाने दोनच्या दिशेला बघायचे असते. पाण्यावर वाफेचा फवारा दिसतो, मग काळी पाठ, आणि शेवटी पाण्याबाहेर उचललेली ती शेपटी. बोटीवरच्या शेदीडशे माणसांचा एकाच वेळी "ओह्" निघतो. त्यात एखादा "अगंबाई" असतोच.

बोस्टनच्या बोटी जिथे जातात तो समुद्रातला उथळ उंचवटा आहे, स्टेलवॅगन बँक. 1992 मध्ये अमेरिकेने त्याला सागरी अभयारण्य केले. पण धंदा त्याआधीचा. पैसे घेऊन देवमासे दाखवायची सुरुवात 1955 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ झाली. माणशी एक डॉलर घेऊन एक मच्छीमार लोकांना करडे देवमासे दाखवायला नेऊ लागला. पूर्व किनाऱ्यावर 1975 मध्ये प्रॉव्हिन्सटाऊनच्या अल अव्हेलार या बोटमालकाने हे सुरू केले, आणि त्याने एक शहाणपणाचे काम केले. स्टॉर्मी मेयो या शास्त्रज्ञाला त्याने बोटीवर घेतले. शास्त्रज्ञाने प्रवाशांना माहिती सांगायची, आणि त्या बदल्यात त्याला रोज फुकटात समुद्रावर जाऊन नोंदी करायला मिळायच्या.

या सौद्यातून जे उभे राहिले त्याला तोड नाही. हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या शेपटीखालचे काळे-पांढरे ठसे प्रत्येकाचे वेगळे असतात. रोज बोट जाते, रोज फोटो निघतात, आणि वर्षानुवर्षांच्या फोटोंवरून कोणती मादी कधी आली, कोणते पिल्लू घेऊन आली, कोणाच्या अंगावर दोराचे वळ आहेत, हे सगळे वहीत चढते. ‘सॉल्ट’ नावाची एक मादी तिथे 1970 च्या दशकाच्या मध्यापासून ओळखली जाते. पाठीवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग, म्हणून ते नाव. तिची डझनाहून अधिक पिल्ले, त्या पिल्लांची पिल्ले, सगळी वंशावळ कागदावर आहे. अशाच नोंदींवरून देवमासे कुठे जास्त जमतात ते नकाशावर उतरले, आणि 2007 मध्ये बोस्टन बंदराकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांचा मार्गच थोडा उत्तरेला सरकवण्यात आला, जहाजांच्या धडका कमी व्हाव्यात म्हणून. तिकीट काढून आलेल्या हौशी माणसाला याची गंधवार्ताही नसते, पण त्याच्या पैशावर हे झाले.

आता बोटी थंड पाण्यातच का? देवमासा उष्ण रक्ताचा, फुप्फुसाने श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी. त्याला थंडीची हौस नाही. त्याला भूक आहे. उत्तरेच्या समुद्रात हिवाळी वादळे पाणी ढवळून काढतात, तळाशी साठलेले खत वर येते, आणि वसंतात दिवस मोठे झाले की त्या खतावर आणि उन्हावर सूक्ष्म वनस्पतींचे रान माजते. त्यांना खाणारे कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, त्यांना खाणारे छोटे मासे, आणि या सगळ्यांना एका घासात गिळणारा देवमासा. हिवाळ्यात तो पिल्ले द्यायला उबदार समुद्रात उतरतो आणि तिथे जवळजवळ उपाशी राहतो. स्टेलवॅगनचे हंपबॅक कॅरिबियन समुद्रात जातात आणि वसंतात परत येतात. म्हणजे उत्तरेची बोट देवमाशाच्या पंगतीला जाते. पंगत कुठे आणि कधी बसणार हे ठरलेले असते, म्हणून तिथल्या कंपन्या छातीठोकपणे सांगू शकतात की आज देवमासा दिसला नाही तर दुसऱ्या फेरीचे तिकीट फुकट.

या धंद्याची खरी पंढरी मात्र आइसलँडमधले हुसाविक म्हणावी लागेल. आर्क्टिक वर्तुळाच्या थोडे खाली, स्क्याल्फांडी उपसागरावर, अडीच हजारांच्या आतबाहेर वस्तीचे गाव. मासेमारीचे दिवस पालटले आणि ओक लाकडाच्या जुन्या होड्या मोडीत निघू लागल्या, तेव्हा दोन भावांनी त्यातली एक होडी दुरुस्त केली आणि 1995 मध्ये देवमासे दाखवायला सुरुवात केली. आज प्रवाशाला अंगभर जाड ओव्हरऑल घालायला देतात, परतीच्या वाटेवर गरम चॉकलेट आणि दालचिनीचा पाव मिळतो. गावातल्या जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत देवमाशांचे संग्रहालय आहे.

गंमत अशी की याच आइसलँडने 2006 मध्ये देवमाशांची व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. एका बंदरातून बोट दाखवायला निघू लागली, दुसऱ्यातून मारायला. आणि सकाळी देवमासा बघून डोळे पाणावलेले पर्यटक संध्याकाळी हॉटेलात त्याचेच मांस चव म्हणून मागवत, इतके की तिथल्या बोटवाल्यांना त्याविरुद्ध मोहीम चालवावी लागली. बघण्याने प्रेम उत्पन्न होतेच, हे गृहीत धरणाऱ्यांनी हुसाविकला जाण्याआधी या हॉटेलांची आठवण ठेवावी.

पैसा मात्र लहान नाही. 2008 या वर्षाच्या जागतिक पाहणीत 119 देश-प्रदेशांत 1 कोटी 30 लाख लोकांनी देवमासे-डॉल्फिन बघण्यासाठी बोटीत पाय ठेवला आणि 210 कोटी डॉलरची उलाढाल झाली, असा हिशेब निघाला होता.

आता आपल्या समुद्राकडे.

अरबी समुद्रातला हंपबॅक शास्त्रज्ञांना बराच काळ कोड्यात टाकत होता. उष्ण कटिबंधातला समुद्र हंपबॅकचे सूतिकागृह. तिथे त्याने हिवाळ्यात यावे आणि उन्हाळ्यात जावे. हा तर बाराही महिने दिसायचा. कोड्याचे उत्तर अतिशय क्रूर मार्गाने मिळाले. 1960 च्या दशकात सोव्हिएत रशियाची शिकारी जहाजे, ‘स्लावा’ आणि ‘सोवेत्स्काया उक्राइना’ यांचे ताफे, दक्षिण ध्रुवाकडे जाता-येता अरबी समुद्रात थांबली आणि ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर त्यांनी 242 हंपबॅक मारले, त्यातले जवळजवळ सगळे 1966 च्या नोव्हेंबरात. ही शिकार बेकायदा होती. शिकारीवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला द्यायची वही खोटी, आणि खरी वही कपाटात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या जहाजांवर काम केलेल्या युरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात खरे आकडे प्रसिद्ध केले. त्यांत माशांनी भरलेल्या पोटांच्या नोंदी होत्या. म्हणजे हा देवमासा इथेच खात होता, इथेच पिल्ले देत होता. उत्तरेला जात नव्हता, कारण जायची गरज नव्हती.

गरज का नव्हती? इथे मोसमी वारा येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर प्रचंड वेगाने वारा वाहतो. फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने 1969 मध्ये या झोताचे वर्णन केले, म्हणून त्याला फिंडलेटर झोत म्हणतात. हा वारा किनाऱ्याजवळचे वरचे पाणी समुद्रात लोटतो आणि त्या जागी खोलवरचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. ऐन उन्हाळ्यात ओमानच्या सलालाह शहरावर धुके दाटते आणि समुद्र हिरवा होतो. उत्तरेच्या देवमाशाला थंड पाणी गाठावे लागते. इथे थंड पाणी तळातून त्याच्या पुढ्यात येते. आणि तेच वारे बाष्प घेऊन पुढे निघतात, सह्याद्रीवर आपटतात, आणि उरलेसुरले ढग घाट ओलांडून मराठवाड्यात येतात. सलालाहचे धुके आणि जालन्याची पेरणी एकाच झोताच्या दोन टोकांना आहेत.

या देवमाशाच्या अंगातल्या जनुकांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. बाकीच्या हंपबॅकपासून तो सुमारे 70,000 वर्षे तुटलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष. ओमानच्या किनाऱ्यावरच्या शेपट्यांच्या फोटोंवरून काढलेला अंदाज होता अवघा 82. शंभराच्या आतली संख्या, आणि त्याच्या डोक्यावरून पर्शियन आखाताचा सगळा तेलाचा रस्ता.

भारताच्या बाजूला तो येतो का, हा प्रश्न बरीच वर्षे मच्छीमारांच्या बोलण्यावर आणि किनाऱ्याला लागलेल्या मढ्यांवर अवलंबून होता. 2017 च्या अखेरीस ओमानमध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले गेले. शेपटीवर धुपाच्या झाडासारखी खूण, म्हणून तिचे नाव लुबान. ती निघाली ती सरळ अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, मग किनाऱ्याकिनाऱ्याने केरळ, तिथून कन्याकुमारीच्या टोकाकडे, आणि पुन्हा ओमानला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनियंत्रात हंपबॅक नराचे गाणेही पकडले गेले. किनाऱ्यावर लाखो पर्यटक, आणि काही मैलांवर कोणी ऐकत नसताना चाललेले ते गाणे.

कोकणात इतर जातीही आहेत. सर्वांत जास्त गाठ पडते ती ब्रायडीज देवमाशाशी. तो तारली-बांगड्यावर जगणारा, उष्ण पाण्यातलाच. 2015 च्या मे महिन्यात सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ कोकण सिटेशियन रिसर्च टीमने जिवंत निळे देवमासे पाहिल्याची बातमी आली आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांत असे पहिल्यांदाच घडले, असे त्या वेळी सांगितले गेले. महिन्याभरात, जूनमध्ये, अलिबागजवळ रेवदंड्याला 42 फुटांचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि मेला. 2016 च्या जानेवारीत जुहूच्या चौपाटीवर ब्रायडीज देवमाशाचे प्रचंड मढे आले आणि मुंबईने सेल्फी काढले. ज्यांना सांगाड्यावर समाधान मानायचे आहे त्यांनी बडोद्याला जावे. सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा 70 फुटांहून लांब सांगाडा आहे. 1944 मध्ये तो देवमासा वादळात मही नदीच्या मुखाशी येऊन पडला होता.

मग तारकर्लीहून, मुरुड-हर्णैहून देवमाशांच्या फेऱ्या का निघत नाहीत? दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही निसर्गाच्या. पहिली खोलीची. नॉर्वेत आंडेनेसला, न्यूझीलंडला कायकोराला, श्रीलंकेत मिरिस्साला समुद्राचा तळ किनाऱ्यालगतच एकदम खोल जातो, म्हणून तासाभरात बोट देवमाशांपाशी पोचते. आपला तळ फार हळूहळू उतरतो. खोल समुद्राचा काठ गोव्याकडे शंभरेक किलोमीटरांवर, तर मुंबईसमोर 200 किलोमीटरांच्याही पलीकडे. दुसरी अडचण हंगामाची. उत्तरेत समुद्र भरलेला असतो तो उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवसांत. आपला समुद्र भरतो तो पावसाळ्यात. तेव्हा 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पर्यटकांच्या होड्या मेअखेरीपासून ओढून ठेवलेल्या, आणि कोळ्यांची रीत तर नारळी पौर्णिमेआधी दर्यात न जाण्याचीच. पंगत बसते तेव्हा आपण किनाऱ्यावर असतो.

म्हणून कोकणात दिसतात ते डॉल्फिन. ते हंपबॅक डॉल्फिन, खाडीच्या तोंडाशी, गढूळ उथळ पाण्यात राहणारे. त्यांना बघायला फार आत जावे लागत नाही. सकाळी सातला देवबागच्या संगमाशी उभे राहिले तर होड्यांची रांग दिसते. डॉल्फिनची पाठ वर आली रे आली की चारी बाजूंनी होड्या त्या जागेकडे सुटतात, इंजिने किंचाळतात, आणि डॉल्फिन बुडी मारून भलतीकडे निघतो. होडीवाल्याला दोष देणे सोपे आहे. पण प्रवासी "अजून जवळ घ्या" म्हणतो, आणि बक्षिशी जवळ घेणाऱ्यालाच देतो. अमेरिकेत देवमाशापासून 100 यार्ड लांब राहावे लागते, उत्तर अटलांटिक राइट व्हेलपासून तर 500. समोरून जायचे नाही, मध्ये घुसायचे नाही, इंजिन न्यूट्रलवर ठेवायचे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, पण होडीवर त्याची आठवण करून द्यायला कोणी नसते.

आणि अव्हेलारच्या बोटीवरची ती वही नसते. कोकणातली खरी उणीव ही आहे. मराठवाड्याला नोंदीचे मोल सांगावे लागत नाही. नाथसागराचे दरवाजे किती फूट उघडले, किती क्युसेक पाणी सोडले, हे शहागडच्या पुलाजवळचा टपरीवाला तोंडपाठ सांगतो, कारण त्यावर त्याचे घर वाचायचे असते. डॉल्फिनच्या रोजच्या शंभर फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांत किती दिसले, पिल्लू कधी दिसले, कोणाचा पंख जाळ्याने कापला आहे, हे कोणी लिहीत नाही. होडीच्या तांडेलाला ते माहीत असते. होडी किनाऱ्याला लागली की ते विरून जाते.

कोळ्यांकडून नोंद मिळते तेव्हा चांगली मिळते, याचा पुरावा आहे. 2018 च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने एक योजना आणली: संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि तो सोडायला जाळे कापावे लागले, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. अट एवढीच की फोटो किंवा व्हिडिओ काढायचा. त्यानंतर व्हेल शार्क, कासवे, डॉल्फिन सोडल्याचे व्हिडिओ बंदराबंदरांतून येऊ लागले. कासवाची जात, जागा, तारीख, सगळे त्यात असते. भरपाईच्या निमित्ताने का होईना, नोंद सुरू झाली. उलट बाजूची बातमी ‘व्हेलची उलटी’ पकडल्याची. ती वर्तमानपत्रात किमतीच्या कोटींसह छापून येते. तो पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुळाच्या चोचींभोवती साचतो. तो बाळगणे, विकणे भारतात गुन्हा आहे. ते कोटींचे आकडे वाचून समुद्रकाठी मेणासारखे गोळे शोधत फिरणाऱ्यांची संख्या वाढली, देवमाशाची माहिती मात्र वाढली नाही.

जाता जाता एक गंमत. शहागडच्या आसपास विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. देवमाशांचे पूर्वज पाण्यात उतरले ते त्यानंतर, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी, आणि तेही याच उपखंडाच्या काठी. त्यांच्या जवळच्या नातलगाचे, मांजराएवढ्या ‘इंडोह्यस’चे जीवाश्म जम्मूतल्या कालाकोटजवळ भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांत मिळाले. चार पायांचे ते पूर्वज पाण्यात उतरून देवमासे झाले, तेव्हा मराठवाड्याची जमीन थंड होऊन बसली होती.

आता पुन्हा आजच्या किनाऱ्याकडे. 2023 च्या दिवाळीत, 13 नोव्हेंबरला, गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे सुमारे 20 फुटांचे पिल्लू जिवंत येऊन पडले. वन विभाग, तटरक्षक दल, पशुवैद्य, मच्छीमार, गावकरी, सुट्टीला आलेले पर्यटक, सगळे धावले. अंगावर ओली कापडे, सतत पाण्याचा मारा, आणि सुमारे 40 तासांनी टगबोटीने ओढून ते खोल पाण्यात नेले गेले. टाळ्या वाजल्या. ते पुन्हा किनाऱ्याला आले आणि मेले. दूधपिते पिल्लू आईपासून तुटले की त्याला समुद्रात सोडून उपयोग होत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

दिवाळीत कोकणात जाणारे आज इथे बरेच बसले असतील. त्यांच्यापैकी कोणाला असा प्राणी दिसला तर शेपटी धरून ओढू नये. तिचा सांधा निखळतो. डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये, बाकी अंगावर ओले कापड टाकावे, सावली करावी, गर्दी मागे हटवावी. पाण्याबाहेर त्याचे स्वतःचे वजनच त्याची फुप्फुसे दाबते, म्हणून वेळ थोडा असतो. आणि पहिला फोन वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर करावा, फोटो काढून, जागा आणि वेळ सांगून.